सवतीचे फोटो

मी बिजवराला दिलेली. कडावहून भिसेगावात आले ती मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाक गळ्यात घालूनच. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. ती म्हणजे ह्यांची आधीची, वारलेली बायको. टाक गळ्यात असला की ती नव्या बायकोला छळत नाही म्हणे. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "नवं लुगडं नेसायच्या आदी तिच्या टाकाला लाव गं. मान पयला तिचा."

आणि आमच्याकडे नव्याला काय तोटा! कापडाच्या कंट्रोलाचे दिवस, गावात बायांना अंगभर लुगडं मिळेना, नि मी महाराणी सदानकदा कोरं पातळ नेसून उभी. पण तासाभरापुरतीच हो. हे मुंबईला फोटो काढायच्या कामावर होते. लढाईत बॉम्ब पडणार म्हणून माणसं पळाली, तेव्हा हेही घरी परतले. तिकडचा एक कापडवाला पातळं पाठवायचा, हे बायकोला नेसवून फोटो काढायचे, पातळं घडी घालून परत. फोटो दुकानात गिऱ्हाइकांसमोर ठेवायचे, आणि घरच्या बाईचं तोंड चारचौघांत जाऊ नये म्हणून चेहरा कायम वळवलेला, निम्मा काळोखात. टाकावर उजेड पडला की तो चमकतो, म्हणून तो पदराखाली.

मागच्या खोलीत भिंतीवर तिचे फोटो ओळीने लावलेले होते. सुरुवातीचे दाराशी, शेवटचे खिडकीशी. "तिच्यासारखी मान कर," हे म्हणायचे, "तिच्यासारखा पदर सोड." अशी चीड यायची मला! पण हळूहळू तिचे खांदे, तिची बोटं, तिची मानेवरची अंबाड्याची गाठ मला माझ्यापेक्षा ओळखीची झाली. चेहरा तेवढा एकाही फोटोत नव्हता. कधी कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाआडून हे "हं, आता बरोबर," म्हणायचे, तेव्हा अंगावर काटा यायचा. बरोबर म्हणजे कोण दिसलं ह्यांना?

शिकवायचे मात्र मन लावून. "आधी उजेड कुठून आलाय ते बघ. मग सावली कुठं पडलीय. मग आपली नजर कुठून आत शिरते नि कुठं थांबते." हा माणूस एरवी दोन शब्द बोलायचा नाही. मीही शिकले. करमणूक दुसरी होती काय?

एका दुपारी हे टेसनावर पार्सल आणायला गेले होते. माझं अंग कसकसत होतं, म्हणून त्या खोलीत भिंतीला टेकून बसले. बसल्या बसल्या ह्यांच्याच रीतीने तिचे फोटो वाचायला लागले. दाराशी उजेड डाव्या खिडकीतून, सावली पायाशी, ती मोकळी उभी. बांगड्या मनगटाला बसलेल्या. पुढे एक खुर्ची आली, तिच्यावर हात, नुसता ठेवलेला. आणखी पुढे हात तोच, पण बोटं आवळलेली. बांगड्या त्याच, पण हात जरा उचललाय तर पार कोपराकडे घसरलेल्या. शेवटच्या फोटोंत सावलीच नाही. उजेड समोरून, सगळं सपाट.

माझी नजर त्या आवळलेल्या बोटांशी थांबली ती हलेना. खोलीत कुणी उभं आहे आणि मी कधी बघते याची वाट पाहतंय, असं वाटलं. देवाशपथ सांगते, मी वळूनही बघितलं.

हे आल्यावर मी विचारलं, "अहो, शेवटी उजेड समोरून का घेतलात?"

"गळ्याखाली खळगे पडले होते तिच्या. बाजूचा उजेड त्यात सावली भरतो."

"आणि खुर्ची?"

"ती एका अंगाला झुकायची. फोटो कलता दिसायचा. खुर्चीने तोल सावरला."

अगदी सहज सांगितलं हो, आमटीत मीठ किती घालावं ते सांगावं तसं. मग म्हणाले, "हिवतापानं अचानक गेली बिचारी." आणि डोळ्यांत खरंच पाणी आलं त्यांच्या. माझंही अंग एक दिवसाआड तापत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. सवतीवर आलेली, तिनं कुरकुर कशी करायची?

पुढच्या पार्सलात जांभळं पातळ आलं. मी ते टाकाला लावलं, नेसले, उभी राहिले. हे कापडाआड गेले, बाहेर आले, डाव्या खिडकीवर मांजरपाटाचा पडदा ओढला आणि समोरचं दार उघडलं. "आज उजेड समोरून घेऊ," म्हणाले. माझ्याकडे न बघताच कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणून माझ्याशेजारी ठेवली, नि परत कापडात शिरले.

"हात ठेव तिच्यावर."

माझा हात आपोआप निघाला होता. बांगड्या खळकन कोपराकडे गेल्या.

"मी नाही धरायची ती खुर्ची," मी ओरडले. "अहो, त्या कापडातून बाहेर या! मला बघा!"

हे बाहेर आले. आधी खिडकीकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग भिंतीवरच्या शेवटच्या फोटोंकडे. मग माझ्याकडे. कपाळाला हात लावला आणि त्या खुर्चीत मटकन बसले. "तिलाही असंच..." एवढंच म्हणाले. मग उठून, जांभळ्या पातळासकट मला बैलगाडीत घातलं नि दवाखान्यात नेलं.

हिवतापाच्या क्विनीनने कान वाजायचे, पण मी उठले. उठल्यावर एकच हट्ट धरला. माझं जुनं लुगडं, तोंड समोर, डाव्या खिडकीचा उजेड आणि टाक पदरावर.

"चमकेल तो," हे म्हणाले.

"चमकू दे. दोघींचा काढा."

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात मी आहे, डोळ्यांखाली काळं, गालाची हाडं वर आलेली. टाकाच्या जागी नुसता पांढरा उजेड आलाय. तिचा चेहरा काही मला बघायला मिळाला नाही.