आमच्या वाचनालयाची अध्यक्षीय निवडणूक

निपाणीच्या आमच्या वाचनालयाबाहेर एक दगडी बाक आहे. सकाळची वर्तमानपत्रं वाचून झाली की आम्ही निवृत्त मंडळी त्यावर बसतो आणि वाचलेल्याच्या बरोबर उलटं एकमेकांना सांगतो. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपाटावर धूळ बसावी तसे ते बसतात, अधूनमधून कुणीतरी झटकायचे एवढंच. मी चिकोडीच्या कचेरीत कारकून होतो. तिथंही मला हेच काम होतं.

*

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी या बाकावर होते. आमचे शिवाप्पाअण्णा बस कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. तिथलं कुठलं राज्य कुणाकडे झुकलंय, हे त्यांना रस्त्यावरच्या थांब्यांसारखं पाठ असतं.

"तिथं दोघं उमेदवार टीव्हीवर समोरासमोर भांडत्यात, हे मला लई पटतंय," अण्णा म्हणाले. "आपल्याकडं उमेदवार भांडत न्हाईत. माणसं भांडत्यात."

अण्णांचा मुलगा तिकडचा नागरिक झालाय. त्यानं मत कुणाला दिलं, असं मी विचारलं.

"दिलंच न्हाय. त्याला सुट्टी न्हवती. मला म्हणाला, आप्पा, तुमी एवढं बघायलाय, तेवढं बास हाय."

*

यंदा मात्र निवडणूक खुद्द वाचनालयाचीच निघाली. आमच्या घटनेप्रमाणे अध्यक्ष थेट सभासदांनी निवडायचा असतो. अमेरिकेत मधे निर्वाचक लागतात, म्हणजे या बाबतीत आम्ही त्यांच्या पुढे आहोत. प्रत्यक्षात वार्षिक सभेत बापूसाहेबांचं नाव पुकारलं जायचं, टाळ्या व्हायच्या आणि भजी यायची. बापूसाहेबांची तंबाखूची वखार आहे, आणि माणूस वाईट नाही. वाचनालयाचं छप्पर गळतं. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका बंद करून तो हॉल मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं द्यायचा, त्यातून छप्पर करायचं, असा त्यांचा बेत होता.

सभेत टाळ्या सुरू झाल्या आणि आमच्या बाकावरच्या कांबळे बाई उठल्या.

"मी बी अध्यक्षपदाला उभी हाय."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. भज्यांचा वास तेवढा येत राहिला.

कांबळे बाई हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाल्या. त्यांचे वडील बापूसाहेबांच्या वडिलांच्या वखारीत हमाल होते. घर एका खोलीचं, माणसं आठ. बाईंचा एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, सगळा अभ्यास त्या वरच्या अभ्यासिकेत झाला. आता तिथं आसपासच्या गावांतल्या मुली स्पर्धा परीक्षांची पुस्तकं घेऊन दिवसभर बसतात. बापूसाहेब आले तर अभ्यासिका जाणार, बाई आल्या तर राहणार. निवडणूक एवढ्याचीच होती.

"बाई, छप्पर कशानं करणार तुमी?" बापूसाहेबांनी शांतपणे विचारलं.

"ते बघू. आधी छपराखाली कोण बसणार ते ठरवू."

*

बापूसाहेबांचं पत्रक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत गुळगुळीत कागदावर निघालं. फोटोत ते हात जोडून उभे, मागं छताला भिडलेली पुस्तकांची कपाटं आणि चढायला पितळी शिडी. फोटो स्टुडिओतला होता, आणि मागचा पडदा कुठल्या तरी परदेशी ग्रंथालयाचा.

बापूसाहेब बाकाशी पत्रक द्यायला आले तेव्हा अण्णांनी ते लांब धरून पाहिलं. "मालक, ही शिडी आपल्याकडं कुठाय?"

"निवडून आलो की येईल."

"आणि पुस्तकं?"

"अण्णा, आधी शिडी तर येऊ दे."

अण्णांचं मत त्याच दिवशी ठरलं. कुणाकडे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. परदेशातल्या उमेदवारांबद्दल तासभर बोलणारा हा माणूस आपल्या गल्लीतल्या उमेदवाराचं नाव निघालं की थेट हवामानावर यायचा. एकटे अण्णाच नव्हे, सगळा बाकच तसा. जिथं आपलं मत चालत नाही तिथंच ते मोकळेपणी देता येतं, असं मला वाटायला लागलं.

*

बाईंची प्रचाराची पद्धत वेगळी. स्कूटर घेऊन त्या एकट्याच सभासदांच्या घरी जायच्या. मत मागायच्या नाहीत. चहा घ्यायच्या आणि विचारायच्या, "वाचनालयातनं शेवटचं पुस्तक कुठलं नेलतं?"

गावात घबराट पसरली. स्कूटरचा आवाज आला की लोक मागच्या दारानं बाहेर पडू लागले. अण्णा तर आंघोळीला गेले ते बाई जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

"बाई, असं केलं तर मतं जात्यात," मी बाईंना म्हटलं.

"जाऊ देत. पुस्तकं तर परत याय लागल्यात."

खरंच येत होती. अण्णांनीही तीन आणून ठेवली, टेबलावर कुणी नाही असं पाहून.

*

आमच्या सीमाभागात प्रचाराची शेवटची पायरी म्हणजे भंडारा. कार्यकर्ते ताटात हळद घेऊन दारात येतात आणि देवाचं नाव घेतात. मतदारानं चिमूटभर उचलून कपाळाला लावली की शब्द दिला. बापूसाहेबांची माणसं ते ताट घेऊन घरोघर फिरली. ग्रंथालयाच्या निवडणुकीत हे पहिल्यांदाच घडत होतं. पिवळ्या कपाळाचे सभासद दोन दिवस एकमेकांकडे न बघता वर्तमानपत्रं वाचत होते.

बाईंच्या बाजूच्या एकानं सुचवलं, "बाई, आपण बी ताट काढू. त्यात संविधान ठेवू आणि हात लावायला सांगू."

"ते वाचायचं असतंय बाबा," बाई म्हणाल्या. "शपथेला न्हाय."

*

मतदान वरच्या अभ्यासिकेतच ठेवलं होतं. मुलींना त्या दिवशी सुट्टी सांगितली होती, पण त्या आल्या आणि जिन्यात बसल्या. प्रत्येक पायरीवर एक, मांडीवर पुस्तक. मतदार आला की गुडघे बाजूला घ्यायच्या आणि पुन्हा वाचायला लागायच्या.

बापूसाहेबांचा माणूस तक्रार घेऊन गेला. "हा प्रचार हाय. ह्यांना उठवा."

निवडणूक अधिकारी म्हणून एक निवृत्त बँक मॅनेजर बसले होते. त्यांनी जिन्यात डोकावून पाहिलं. "वाचनालयात वाचायलेत. ह्यावर कुठलं कलम लावू, सांगा."

निकाल आधीच सांगून टाकतो. बाई एका मतानं निवडून आल्या. म्हणूनच पुढची गोष्ट सांगायची.

मतदान संपता संपता बापूसाहेब आपल्या आईला गाडीतून घेऊन आले. आईसाहेब वाचनालयाच्या सगळ्यांत जुन्या सभासद. जिना चढताना दम लागला म्हणून त्या मधल्या पायरीवर थांबल्या. तिथं बसलेल्या मुलीला म्हणाल्या, "कुठली गं तू?"

"बोरगावची, आज्जी."

"हितं वाटेत का बसलीस?"

"वर मतदान चाललंय."

"आणि उद्या कुठं बसणार?"

"निकालावर हाय, आज्जी."

आईसाहेब वर आल्या. मतपत्रिका हातात घेऊन सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "बापू, तुझं नाव कुठलं रं?"

"वरचं, आई."

"बरं."

आडोशामागं जाऊन त्यांनी शिक्का मारला. शाई घडीत दुसरीकडं उमटू नये म्हणून आमच्याकडची जुनी माणसं मतपत्रिका वाळवून मग घडी घालतात. आईसाहेबांनीही तेच केलं. फक्त वाळवायला त्या आडोशाबाहेर, खिडकीपाशी आल्या. दोन्ही हातांनी कागद उन्हात धरला आणि फुंकर घालत उभ्या राहिल्या. शिक्का खालच्या नावावर होता.

अधिकारी चाचरत म्हणाले, "मत उघडं पडलं तर बाद करावं लागतंय. कुणी बघितलं काय?"

कांबळे बाई खाली फरशीकडे बघत होत्या. मी आणि अण्णा पंख्याकडे.

"बापूसाहेब, तुमी उमेदवार. तुमी बघितलं काय?"

बापूसाहेब आईकडे बघत होते. तिची फुंकर अजून चालूच होती.

"मला काय दिसणार," ते म्हणाले. "चष्मा गाडीत राहिलाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.