हँडलला बांधलेला दोरा

गेल्या दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी, बेलापूरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, बायकोने तिच्या राखीव पॅराशूटचं हँडल ओढलं आणि ते निघालं नाही.

ती पॅराग्लायडिंग करते. वरचा पंख हवेत मिटला आणि पुन्हा उघडला नाही, तर हे दुसरं, छोटं पॅराशूट हाताने बाहेर फेकायचं असतं. ते महिनोन्महिने घडी करून ठेवलेलं असतं. म्हणून ठरावीक काळाने ते उघडायचं, वारं द्यायचं, कापड उजेडात धरून तपासायचं, दोऱ्या मोकळ्या करायच्या आणि पुन्हा घडी घालायची. त्याआधी, ते ज्याच्या कप्प्यात असतं तो बसायचा पट्टा टांगून, त्यात बसून, हँडल खरंच निघतं का ते बघायचं.

पट्टा आम्ही गणपतीचं मखर बांधतो त्या लोखंडी आडव्या पाइपला टांगला होता. खाली सतरंजी. आई खुर्ची घेऊन बघायला बसली होती.

"झोपाळा छान झालाय," आई म्हणाली.

बायकोने उजव्या हाताने ओढलं. हँडल बोटभर हललं आणि अडकलं. तिने पुन्हा ओढलं, मग खाली उतरून हँडलच्या मागे बोट घातलं.

"अरे, इकडे ये. हे काय आहे?"

काळ्या पट्ट्यावर काळा दोरा. जाड, देवळाबाहेर मिळतो तसला. हँडल आणि पट्टा एकत्र धरून त्याचे घट्ट वेढे दिलेले होते.

"मी बांधला," आई म्हणाली. "दसऱ्याला. स्कूटरची पूजा केली तेव्हाच. नजर नको लागायला."

"आई, पण इथे?" बायको म्हणाली.

"मग कुठे? स्कूटरच्याही हँडललाच बांधते की."

उडण्याआधी बायको दर वेळी हँडलला हात लावून बघते. ओढून बघत नाही. ओढलं तर पॅराशूट बाहेर येतं. दसऱ्यानंतर ती दोनदा उडाली होती.

"मागच्या रविवारी पंखाची एक बाजू मिटली होती," ती म्हणाली. हे ती घरी बोलली नव्हती. "माझा हात यावरच होता."

"मग?" मी विचारलं.

"उघडली परत. ओढायची वेळ नाही आली."

आईने हात पुढे केला.

"कात्री दे."

तिने खुर्ची पट्ट्याजवळ ओढली आणि दोरा एकेक वेढा करून कापला. तुकडे पदरात घेतले. बायको पुन्हा पट्ट्यात बसली, तिने ओढलं. पॅराशूट पिशवीसकट बाहेर येऊन सतरंजीवर पडलं.

"परत लाव," आई म्हणाली. "परत ओढ."

बायकोने ते परत लावलं, परत ओढलं. निघालं.