वरच्या खोलीचे बोल्ट

बांद्याला माझं नट-बोल्टचं दुकान. बोल्ट न्यायला आलेला माणूस बाकावर टेकला, की एखादा किस्सा ठेवूनच उठतो. एकट्या आरोंद्याच्या बाबननं इतके दिलेत, की आधी कुठला सांगू?

बाबन मासेमारी करणारा. पावसात घरात खाडीचं पाणी शिरतं म्हणून त्यानं कारखान्यात तयार झालेल्या, स्टीलच्या सांगाड्याच्या दोन खोल्या आणल्या. क्रेननं एकीवर एक ठेवायच्या, कोपरे बोल्टनं जोडायचे. वरची खोली खास बायकोसाठी, शालिनीसाठी.

*

"शेट, एका कोपऱ्याक चार बोल्ट कित्याक? दोन पुरे. खोली काय पळान जातली?"

"वादळात होडी एकाच दोरयेन बांधतंस काय रे?" मी विचारलं.

चारही घेऊन गेला.

*

फिटर सलीमभाई आमच्याच गावचे. नट आवळून झाला की त्यावर लाल रेघ ओढतात. नट जरा फिरला तर रेघ तुटलेली दिसते. एकदा जेवून आले, तर सगळ्या नटांवर रेघा!

"उरलेले मीच रंगवलंय," शालिनी म्हणाली. "अर्धेच बरे दिसा नाय होते."

सलीमभाईंनी पाना उचलला आणि पहिल्या नटापासून सुरुवात केली.

*

तरी वाऱ्यात वरची खोली किंचित सरकायची, कुरकुरायची. शालिनी पायरी चढेना. "घोव दर्यार आसा, तेवढा पुरे. माका होडयेत झोपाचा नाय."

सलीमभाईंनी जोड उघडला. आतल्या प्लेटी तेलानं चकाकत होत्या. होडीच्या फळ्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल बाबननं आत चोपडलं होतं.

"गंजाक नको म्हणान लावलंय," तो पुटपुटला.

"अरे, प्लेटींनी एकमेकींक घट्ट धरूक व्हया. तूच तेंका निसटाक शिकवलंस!" सलीमभाई म्हणाले.

क्रेन पुन्हा आली. प्लेटी पुसल्या, घासल्या, कोरड्या केल्या, नवे बोल्ट आवळले. गंजरोधक रंग लावला तो फक्त बाहेरून.

*

मग एका वाऱ्याच्या दुपारी शालिनी वर आली. हातात सोलकढीचा काठोकाठ भरलेला पेला. तो जमिनीवर ठेवून ती समोर बसली. बाबन, सलीमभाई आणि मुद्दाम बघायला गेलेला मी, तिघं भिंतीला चिकटून. बाहेर माड वाकत होते. पेल्यातून थेंब सांडला नाही. बाबननं डोळे पुसले.

शालिनी खिडकीशी गेली. बराच वेळ खाडी बघत राहिली.

"बरी आसा खोली," ती बाबनला म्हणाली. "हयसून पलीकडचो वडाचो पार सुदिक दिसता. 'जाळी टाकूक जातंय' सांगान थंय पत्ते खेळतास, ता आता घरबसल्या कळतला."

बाबन हळूच सलीमभाईंच्या कानाशी गेला.

"भाई, दोन बोल्ट ढिले करशात?"