लहरीवरून वेळ धरणारे अण्णा

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांना सगळे अण्णाच म्हणत. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची लहर बघण्याआधी ते सदऱ्याच्या टोकाला चष्मा पुसत आणि म्हणत, "घाई न्हाई सर."

नदीची पातळी रेडिओवरून करजगी गावात कळवणारं यंत्र मी केलं होतं. काठावर आणि गावात, दोन्हीकडच्या यंत्रांत वेळेचा ठोका देणारी, एकाच डब्यातली क्रिस्टलं घातली, म्हणजे घड्याळं जुळलेलीच राहणार, असा माझा हट्ट.

"कामून जुळतील? काठावरचं उन्हात तापायलंय, ह्ये सावलीत हाय. येणाऱ्या लहरीवरूनच वेळ धरत ऱ्हावं लागतंय. आकड्यातला एक बिट सरकला की पुढचं समदं चुकतंय."

"आता तुम्ही मला शिकवायलात व्हय, अण्णा?" मी हसलो.

उन्हाळ्यात आकडे चुकू लागले. मी प्राचार्यांना लिहून दिलं, सहायकाचं सोल्डरिंग निष्काळजी होतं. अण्णांना काढायचं ठरलं.

शेवटच्या दुपारी ते माझा रिसीव्हर उघडून तीच, येणाऱ्या लहरीवरून वेळ धरायची दुरुस्ती करत होते.

"आता कामून करायलात?"

"पाणी चढलं तर गावाला कळाया पायजे की, सर."

माझा कागद तेव्हा अजून प्राचार्यांच्या टेबलावर सहीविना पडून होता. मागे घेता आला असता. मी तिथंच उभा राहिलो आणि अण्णा काय करतात ते माझ्या वहीत नीट उतरवून घेतलं.