मोईनभाईंची राळ

"अब्बा गेले, ताई..." मोईनभाईंच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी आले होते. त्याला आता सहा आठवडे झाले.

उदगीरला मोईनभाई जुनं फर्निचर दुरुस्त करत. बाबांची हातांची खुर्ची मी त्यांच्याकडे नेली, तेव्हा भुंगेऱ्यांनी पोखरलेल्या पायांतून पीठ गळत होतं. माझ्या आजोबांना कचेरीत साहेबांपुढे कायम उभं राहावं लागे, खुर्ची कधी मिळत नसे. म्हणून मास्तरकी लागताच बाबांनी लिलावातून कचेरीचीच जुनी खुर्ची विकत घेतली होती. "एपॉक्सी भरा अन् मोकळे व्हा," मी म्हटलं.

"त्यानं दगड होईल, ताई. पण पुन्हा काढता येत न्हाई. अन् बाजूचं नरम लाकूड तिथंच मोडतं." मग पायावरचं पीठ बोटानं पुसत म्हणाले, "बायकोची लग्नातली पेटी अशीच घालवली म्या. तिनं तुकडे गोळा करून ठेवले... तेच लई लागलं."

सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा डिंक, नको; त्याची किड्यांना दावतच. शेवटी ॲसिटोनमध्ये विरघळवलेली राळ ठरली. आधी अगदी पातळ, मग जरा दाट. इंजेक्शनच्या सुईनं एकेका भोकात थेंबथेंब सोडायची, वरून प्लास्टिक गुंडाळून सावकाश वाळू द्यायची. तीन आठवडे लोटले तशी मी फोनवर चिडले. "लई घाई करायलात तुम्ही," एवढंच ते बोलले. आठवड्यातून दोनदा ते डायलिसिससाठी लातूरला जात होते, हे मला शबानाच्या त्या फोनवर कळलं. चिडून बोललेले ते शब्द आता कुठून परत घेऊ?

खुर्ची पोचवायला ते स्वतः आले. चारी पाय दाबून पाहिले, बाबांना बसवलं आणि, "गुरुजी, आता रेलून बसा," म्हणाले. मोईनभाईंचा चेहरा सुजला होता. मी चहा विचारला, तर अर्धाच कप घेतला... तीच शेवटची भेट.

परवा पुसताना खुर्ची उलटी केली. बैठकीच्या खाली पेन्सिलीनं उर्दूत काही लिहिलेलं होतं. बाबांची पहिली इयत्ता निजामाच्या काळातली, उर्दूतली. चष्मा लावून, एकेक अक्षर जुळवत त्यांनी वाचलं, "यात राळ भरली आहे. ॲसिटोननं निघते. माझं काही चुकलं असेल तर काढून टाका. पुढच्या कारागिराला सलाम. मोईन."

बाबा बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "वालेकुम सलाम, भाई."