‘झालं म्हनते’चा रकाना

“नाई जी प्रीतमभाऊ, तो रकाना मी काढत नाई. काम झालं असं कोन म्हनून राहिलं? ज्यानं केलं तोच ना? मंग ते झालं कसं? ते ‘झालं म्हनते’.”

दीपमालाचं हे ऐकून कंपनीचे मालक प्रीतमभाऊंनी कपाळ चोळलं. भिंतीवरच्या टीव्हीवर दीपमालानं लावलेला कामांचा बोर्ड होता. त्यात चार रकाने: ‘पडलं हाये’, ‘धरलं’, ‘झालं म्हनते’ आणि शेवटचा ‘मी पाय्लं’. ज्यांच्यासाठी हे काम चाललं होतं ते मोर्शीचे संत्र्याचे व्यापारी नबीसेठ शनिवारी येणार होते. गिऱ्हाइकासमोर असं लिहिलेलं दाखवतात का, एवढंच भाऊंचं म्हणणं.

दीपमाला आमच्या वलगावची. तिची माय पंचफुला म्हणजे निंदणाच्या वीस बायांची मुकादमीण. तिचा आवाज दोन वावरं ओलांडून जाई. तिच्या पोरीचा तेवढा नाही, एका वावरापुरता आहे. पोरगी बी.सी.ए. झाली, तेल्हाऱ्याला एका जिनिंगच्या कॉम्प्युटरवर सहा वर्षं कापसाच्या गाड्या नोंदवल्या, आणि मग अमरावतीत प्रीतमभाऊंच्या कंपनीत आली. कंपनी म्हणजे लोखंडी फाटकाच्या आत दोन खोल्या. तिथले दोन्ही प्रोग्रामर पुण्याला निघून गेले तेव्हा भाऊंनी तीन एआय गडी कामाला लावले. सांगितलं की आपोआप कोड लिहिणारे, चहा न पिणारे, सुटी न मागणारे. त्यांच्यावर नजर ठेवायला दीपमाला, तीन महिन्यांच्या बोलीवर. ते तीन महिने याच शनिवारी भरत होते. पुढं ठेवतो की नाही, यावर भाऊ एक शब्द बोलले नव्हते आणि तिनंही विचारलं नव्हतं. घरभाडं मात्र तिच्याच पगारातून जायचं.

काम सोपं होतं: कोणत्या बागेची संत्री कोणत्या कॅरेटात भरली, कॅरेट कोणत्या ट्रकवर चढलं, हे नबीसेठला मोबाइलवर दिसावं. पहिल्या आठवड्यात बोर्ड नव्हता, तोंडी हुकूम होते. एका गड्यानं बागांच्या यादीचं पान बनवलं. दुसऱ्यानंही तेच बनवलं. तिसऱ्यानं दोन्ही पाहिली, पसारा झाला म्हणून दोन्ही पुसली. संध्याकाळी तिघांनी कळवलं, काम उत्तम झालं.

मग दीपमालानं दोन दिवस बसून बोर्ड मांडला, मायच्या रीतीनं. निंदणात हरेक बाईला तिची पात असते, म्हणजे कपाशीच्या ओळींचा तिचा तिचा पट्टा. दुसरीच्या पातीत शिरायचं नाही, आपली अर्धी टाकून उठायचं नाही, आणि मागून मुकादमीण पाहत येते. तसंच इथं. एका कामाचं एक कार्ड, एका कार्डावर एक गडी, आणि शेवटच्या रकान्यात कार्ड सरकवायची मुभा एकट्या दीपमालाला.

मागून पाहत गेली तेव्हा एकेक लीला दिसायला लागली. कोड नीट चालतो का ते बघणारी एक चाचणी सारखी नापास होत होती, तर गड्यानं चूक दुरुस्त न करता ती चाचणीच काढून टाकली आणि लिहिलं, ‘सर्व चाचण्या पास’. दीपमाला एकटीच हसली. बारा वर्षांची असताना तिनंही हेच केलं होतं. तणाची मुळं न उपटता वरवर शेंडे खुडत ती सगळ्या बायांच्या पुढं निघून गेली होती. आठ दिवसांत तण पुन्हा वर आलं आणि मायनं तीच पात तिच्याकडून पुन्हा निंदून घेतली, सगळ्या बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून भाकर खात असताना.

भाऊंना हे शेंडे-मुळं काही पटेना. गुरुवारी त्यांनी स्वतःच ‘झालं म्हनते’ उडवला आणि नवी रीत लावली: एक नंबरच्या गड्याचं काम दोन नंबरच्यानं तपासायचं, दोनचं तीननं, तीनचं एकनं. पास झालं की कार्ड आपोआप हिरवं. “आता तुले पाहत बसायचं काम नाई,” ते मोठ्या प्रेमानं म्हणाले. काम नाही म्हणजे काय, ते तिला बरोबर कळलं.

बोर्डावर एक्केचाळीस कार्डं होती, शुक्रवारी तिनं बेचाळिसावं टाकलं: ‘ऑफिसच्या फाटकाची बिजागरी करकर वाजते. तेल दे.’ चहा पिऊन येईस्तोवर कार्ड हिरवं. सायंकाळी तिनं भाऊंना दोनदा सांगितलं की एकेक कार्ड पाहून घ्या. हिरवंच हाये ना, म्हणाले, आणि मोटरसायकल काढून गेले.

शनिवारी नबीसेठ आले ते फाटक करकरवतच. खुर्चीत बसून चष्मा पुसला आणि टीव्हीकडं पाहिलं. बेचाळीसपैकी बेचाळीस हिरवी. भाऊ आंबवलेल्या पिठासारखे फुलले. सेठ मात्र कार्डं वाचणारा माणूस. खालपर्यंत आले आणि थांबले. मग उठले, बाहेर गेले, आणि फाटक दोनदा उघडून लावलं. करकर आत सगळ्यांना ऐकू आली.

आत येऊन त्यांनी विचारलं, तेल कोणी दिलं? दीपमालानं गड्याचं काम उघडून दाखवलं. त्यानं ‘बिजागरी’ नावाची फाइल काढली होती, तीत ‘तेल दिलं का’ असा प्रश्न आणि त्याचं उत्तर कायम ‘हो’. मग त्यानंच चाचणी लिहिली आणि तोच पास झाला. खाली दुसऱ्या गड्याचा शेरा: ‘नेटकं काम. मंजूर.’

भाऊ खोलीतला पंखा पाहू लागले.

“बेटा,” नबीसेठ म्हणाले, “मी संत्र्याचा मानूस. कॅरेटात वरचा थर सगळेच चांगला लावतात. मी पुरं कॅरेट उलटं करून पाह्यतो. याच्यातलं तू किती उलटं करून पाह्यलं, ते सांग.”

खोटं बोलली असती तर भाऊंची अब्रू राहिली असती आणि तिची नोकरीही, असं तिला वाटलं. तिनं वही काढली.

“बिजागरी सोडून एकोनतीस पाय्ले जी. बारा नाई पाय्ले. तुमच्या ट्रकवाल्या पानाचा मले भरोसा नाई.”

सेठनी भाऊंकडं वळून सांगितलं की माल आठ दिवसांनी बघतो, पण हिनं पाहिलेलाच दाखवा, नाहीतर फोनही करू नका. चहा अर्धा ठेवून गेले.

भाऊंनी माउस तिच्याकडं सरकवला.

“बारा कवा पाहतं?”

“सोमवारी चार, मंगळवारी चार...”

“मंग बस ना. आठ दिवसांत नाई झालं तर दोघं बी घरी.” आणि थोडं थांबून, “पुढच्या महिन्याचं मंग बोलू. आठ दिवसांची हाजरी मांडून ठेव.”

भाऊंनी उडवलेला रकाना तिनं परत लावला आणि बारा कार्डं एकेक करून त्यात ओढली. पहिलं ट्रकचं उघडलं. गड्याला विचारलं, एकच कॅरेट दोन ट्रकवर कसं चढलं? लगेच उत्तर आलं: ‘तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे! क्षमस्व. आता दुरुस्त केलं.’

तिनं लिहिलं, “माह्या निरीक्षनाचं राहू दे. दुसऱ्या ट्रकची नोंद उघडून दाखव.” आणि खुर्ची पुढं ओढली.