घासलेलं मडगार्ड

तीस वर्षं झाली, हिंगोलीत माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. ठोकलेली गाडी आणा, चार दिवसांत अशी करून देतो की मालकालाच शोधत बसावं लागतं, धडक नेमकी कुठं बसली होती. त्यामुळं पुण्याचा तो माणूस फोनवर म्हणाला, गाडीला हात लावू नका, धूळसुद्धा झटकू नका, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हणलं, हा कोण टिकोजीराव मला शिकवणार?

गाडी हट्ट्याला, आमच्या गावच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधी होती. लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी, बिनटपाची विलायती गाडी. माझे वडील वसमतला एका जिनिंगवाल्या शेटजींकडं ड्रायव्हर होते. शेटजींनी गाव सोडलं तेव्हा ही बंद पडलेली गाडी कागदासकट वडलांनाच देऊन टाकली, आणि वडलांनी ती बैलजोडीनं ओढत घरी आणली. वडील गेले, तीन वर्षांखाली थोरला भाऊही गेला, आणि गाडी माझ्या अन् वहिनीच्या सामायिक नावावर आली. कडब्याच्या पेंढ्या, शेळ्यांच्या लेंड्या, उंदरांची बिळं, यांच्यात ती चाळीसेक वर्षं बसून होती. तिच्या दिव्याचं रबर कुठं मिळंल का म्हणून मी गॅरेजवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तो फिरत फिरत पुण्याला पोचला.

तो माणूस जुन्या गाड्यांचे लिलाव करायचा. चकाचक केलेल्या गाड्यांचा आता शौकिनांना कंटाळा आलाय, म्हणाला. कारखान्यातून निघाल्यावर जिच्यावर दुसरा हात फिरलाच नाही अशी गाडी त्यांना पाहिजे. तोच रंग, तीच सीट, तोच गंज. मी मनात म्हणलं, पैसा जास्त झाला की माणसाला गंज पण गोड लागतो. पण त्यानं अंदाजानं जो आकडा सांगितला, तो ऐकून मी लगेच हो म्हणलो.

वहिनीला तर त्या आकड्यानं झोपच येईना. औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर ती दर सोमवारी नारळ-बेलाची टोपली घेऊन बसायची. कुणी दुकानदार उठवायचा, मग दुसऱ्याच्या पायरीवर, तिथून तिसऱ्याच्या. त्याच रस्त्यावरचं एक छोटं दुकान विकायला निघालं होतं, आणि मालक लिलावापर्यंत थांबायला कबूल झाला होता. स्वतःच्या दुकानात बसायचं, कुणी ऊठ म्हणायचं नाही, एवढंच तिला पाहिजे होतं. तिला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी पाहिजे होतं, असं मला तेव्हा वाटलं.

तो माणूस गुरुवारी गाडी बघायला येणार होता. मंगळवारी मी हट्ट्याला गेलो तर वहिनी पाण्याची बादली अन् फडकं घेऊन शेडच्या दारात. आमच्याकडं शेळी बाजारात न्यायची तर आधी धुतात, शिंगांना तेल लावतात. घाणेरडं जनावर बाजारात उभं करणं म्हणजे घरच्या बाईची बेअब्रू. तिनं तोच हिशोब गाडीला लावला. मी असा भडकलो की विचारू नका. शेजारपाजाऱ्यांसमोर वाट्टेल ते बोललो, अक्कल गहाण ठेवली का म्हणलो. तिनं बादली खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले अन् आत गेली. मला वाईट वाटलं. पण माफी मागायची आमच्या घरातल्या पुरुषांना सवयच नाही.

बुधवारी ती शेळ्या घेऊन रानात गेली आणि मी राखणीला गाडीजवळ बसलो. बसलो तो बसलोच. समोर पुढचं उजवं मडगार्ड. रंग पार विटून भाजल्या विटेसारखा झालेला. माझ्या हाताला चैन पडेना. म्हणलं, खालचा लाल कसा असंल ते नुसतं बघू, रुपयाएवढं. स्कूटरच्या डिक्कीत रंग घासून चमकवायच्या कंपाउंडचा डबा असतोच. चिंधीवर थोडं घेतलं अन् फिरवलं. आईशप्पथ सांगतो, असा लाल मी जन्मात पाहिला नव्हता. रुपयाचा तळहात झाला, तळहाताची परात झाली. भानावर आलो तेव्हा सगळं मडगार्ड लखलखत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! एका फडक्यापायी त्या बाईला रडवलं, आणि मी काय करून ठेवलं?

मग मी माझी दुसरी कला बाहेर काढली. ठोकलेल्या गाड्या विकणाऱ्यांसाठी मी आयुष्यभर खुणा लपवल्यात, ते काही अभिमानानं सांगत नाही. रॉकेलमधी शेडमधलीच माती कालवली, चुलीतली राख घेतली, चहाचा गाळ घेतला. थरावर थर दिले. संध्याकाळपर्यंत मडगार्ड पुन्हा म्हातारं झालं. कुठं घासलंय ते माझं मलाच ओळखू येईना.

गुरुवारी तो आला. हातात बॅटरी, गुडघ्यावर बसून इंच न् इंच बघत होता. उंदरांनी कुरतडलेली सीट बघून त्याचा चेहरा फुलला. मी मागं उभा, नजर त्याच्या बॅटरीवर. त्या मडगार्डावरून त्याची बॅटरी दोनदा गेली. एकदा थांबली. आणि पुढं सरकली.

मग त्यानं कागद काढला. गाडीवर कधीही रंग, पॉलिश, दुरुस्ती केलेली नाही, असं दोन्ही मालकांनी लिहून द्यायचं. वहिनीनं कागद माझ्याकडं सरकवला. म्हणाली, भावजी, आधी तुमी करा, मग मी करते. मी पेन हातात घेतलं. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती, इतका तिचा विश्वास. माझ्याच्यानं सही होईना.

"साहेब, हे मडगार्ड मी काल घासलं," मी म्हणालो. "वरचं सगळं बनावट हाय."

तो मडगार्डापाशी गेला. परत वाकला, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, की एवढं हुबेहूब जमतं तर बाकीची गाडी खरी कशावरून मानायची? त्यानं कागद फाडला, दुसऱ्यावर सगळं खरं खरं लिहून घेतलं, आणि लिलावात गाडी शेवटी शेवटी लावतो म्हणाला. आधी मी सही केली, मग वहिनीनं.

लिलाव मोबाईलवर दिसत होता. हट्ट्याच्या घरात आमी दोघं दिवाणावर, मधी मोबाईल. आमच्या आधी एक गाडी आली, आमच्याहून लहान, दार गंजून खाल्लेलं, काचेवर धुळीचा थर तसाच. तिच्यावर लोक तुटून पडले, बोली चढतच गेली. वहिनीनं माझी बाही घट्ट धरली. मग आमची आली. पडद्यावर आमच्या मडगार्डाची टीप आली, तीन जणांनी बोली लावली, मग दोघं, मग कुणीच न्हाई. मी मनातल्या मनात औंढ्याच्या नागनाथाला हाका मारत होतो. हातोडा पडला. पैसे आले, पण दुकानाला निम्मेही पुरेनात. माझा वाटा तुमीच घ्या म्हणलो, ते धरूनही पुरेनात. त्याच आठवड्यात दुकान दुसऱ्यानं घेतलं.

ती खबर सांगायला मीच गेलो. वहिनी दारात सोमवारसाठी बेल निवडत बसली होती. मी लई वेळ काहीबाही बोलत राहिलो. म्हणलं, निदान खोटी सही तरी केली न्हाई, तेवढं तरी समाधान. तिनं बेलावरचा हात थांबवला.

"भावजी, चूक तुमची, अन् खरं बोलायची हौस बी तुमचीच," ती म्हणाली. "दुकान तेवढं माझं गेलं."

तिचं बराबर होतं. सोमवारी मी तिला औंढ्याला सोडायला गेलो, तर एका दुकानाच्या पायरीवर बसायच्या आधी तिनं त्या दुकानदाराला विचारलं, इथं बसू का.